विन-डिक्सी खटला: काउंटर उघडा असताना वेबसाइटची तक्रार का?

विन-डिक्सी ही अमेरिकेच्या आग्नेय राज्यांतली जुनी किराणा साखळी, मुख्यालय फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलमध्ये. खटल्याच्या काळात तिची दुकानं पाचशेच्या घरात होती आणि बऱ्याच दुकानांत औषधांचा काउंटरही होता. कंपनीची वेबसाइट होती, पण तिच्यावरून काही विकत घेता येत नसे. ना किराणा, ना औषध. ही बाब सुरुवातीलाच नोंदवून ठेवतो, कारण पुढची साडेपाच वर्षं न्यायालयांत जो काथ्याकूट झाला तो बराचसा याच गोष्टीभोवती फिरत राहिला. वेबसाइटवर मुख्यतः तीन कामं होत. जवळचं दुकान शोधता येई, सवलतीची कूपनं आपल्या ग्राहक कार्डाला जोडता येत आणि जुन्या चिठ्ठीवरची औषधं पुन्हा भरून ठेवायला सांगता येई. ती औषधं घ्यायला जायचं दुकानातच.

वादी मायामी भागातला अंध ग्राहक. वर्षानुवर्षं तो याच साखळीत खरेदी करायचा, कारण तिथले भाव त्याला परवडत. दुकानात गेल्यावर कर्मचाऱ्यांची मदत घ्यायची, तेच सामान काढून द्यायचे. यात त्याची फारशी कुरकुर नव्हती. अडचण होती औषधांच्या काउंटरवर. तिथे उभं राहून कोणतं औषध हवं ते बोलून सांगावं लागे, आणि आपल्या मागे-पुढे कोण उभं आहे, कोण ऐकतंय, हे त्याला कळत नसे. वर औषधं तयार होईपर्यंत थांबावं लागे ते वेगळंच. रीफिल आणि कूपनं वेबसाइटवरून होतात हे कळल्यावर त्याने घरून प्रयत्न करून पाहिला. स्क्रीन रीडर लावून शेकडो वेबसाइट वापरलेला हा माणूस, पण या वेबसाइटचा बहुतेक भाग त्याच्या स्क्रीन रीडरला दाद देईना. जुलै २०१६मध्ये त्याने संघीय न्यायालयात दावा लावला.

आता 'दाद देईना' म्हणजे नेमकं काय, ते डोळसांच्या सहसा लक्षात येत नाही. स्क्रीन रीडर पडद्यावरचं चित्र बघत नाही, तो पानामागचा कोड वाचतो. बटणाला कोडमध्ये नाव दिलेलं असेल तर तो 'कूपन जोडा, बटण' असं बोलतो. नाव नसेल तर नुसतं 'बटण', पुढचंही 'बटण', त्याच्या पुढचंही 'बटण'. चित्राला पर्यायी मजकूर नसेल तर अनेकदा फाइलचं नाव, म्हणजे अक्षरं-आकड्यांची लांबलचक माळ, वाचून दाखवतो. फॉर्ममधल्या रकान्याला लेबल जोडलेलं नसेल तर तिथे जन्मतारीख टाकायची की औषधाचा क्रमांक, हे ऐकणाऱ्याला कळायला मार्ग नाही. माउस वर नेल्यावरच उघडणारा मेनू तर त्याच्यासाठी नसल्यातच जमा, कारण अंध माणूस माउस वापरत नाही. टॅब, एंटर आणि बाणांच्या कळांवर त्याचं सगळं काम चालतं. गंमत म्हणजे यातली बरीचशी दुरुस्ती पानाचं रूप जराही न बदलता होते. डोळस ग्राहकाला फरक कळतही नाही.

कायदा १९९०चा, वेबसाइट नंतरची

दावा ज्या कायद्याखाली होता तो अपंगांच्या हक्कांचा संघीय कायदा, 'अमेरिकन्स विथ डिसॅबिलिटीज ॲक्ट', थोडक्यात एडीए. २६ जुलै १९९० रोजी त्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली. त्याच्या तिसऱ्या प्रकरणात खासगी व्यावसायिकांसाठी नियम आहेत: लोकांना खुल्या असलेल्या जागा चालवणाऱ्यांनी अपंग ग्राहकांना माल आणि सेवा समान रीतीने उपभोगू दिल्या पाहिजेत. अशा जागा कोणत्या, याचे बारा गट कायद्यात दिले आहेत. हॉटेलं, उपाहारगृहं, नाट्यगृहं, किराणा दुकानं, औषधांची दुकानं, संग्रहालयं, शाळा आणि असंच बरंच काही. वेबसाइट त्या यादीत नाही. १९९०मध्ये ती असणं शक्यच नव्हतं.

या प्रकरणाखाली दावा लावणाऱ्याला नुकसानभरपाई मिळत नाही. न्यायालय सुधारणेचा हुकूम देऊ शकतं आणि जिंकलेल्या वादीच्या वकिलाची फी प्रतिवादीवर बसवू शकतं, बस्स. पैसे हवे असतील तर राज्याच्या कायद्याचा आधार लागतो. कॅलिफोर्नियात तो आहे; तिथल्या उन्रूह कायद्याखाली किमान ४,००० डॉलरची भरपाई ठरलेली आहे. म्हणूनच अंधांच्या राष्ट्रीय महासंघाने २००६मध्ये टार्गेट या साखळीला तिथे कोर्टात खेचलं, तेव्हा २००८मधल्या तडजोडीत टार्गेटने दोष मान्य न करता कॅलिफोर्नियातल्या अंध ग्राहकांसाठी ६० लाख डॉलरचा निधी ठेवला. मायामीच्या या वादीपुढे असं काही आमिष नव्हतं. त्याला मिळून मिळणार होती ती फक्त चालणारी वेबसाइट.

त्याने असे दावे इतरही अनेक कंपन्यांवर लावले होते, आणि प्रतिवादीच्या वकिलांना हे सोयीचं होतं. 'हा धंदेवाईक दावेदार' असं चित्र उभं करायला वेळ लागत नाही. पण तो या दुकानाचा खरा, जुना ग्राहक होता, त्यामुळे ते चित्र नीट उभं राहिलंच नाही. पुढे अपिलात निकाल त्याच्या विरुद्ध गेला तेव्हाही दावा लावण्याचा त्याचा अधिकार न्यायाधीशांनी मान्यच केला.

दोन दिवसांची सुनावणी आणि पैशांचा हिशेब

अशी प्रकरणं सहसा सुनावणीपर्यंत पोचत नाहीत. कंपनीचा वकील हिशेब मांडतो: लढायला इतके, मिटवायला इतके. मिटवणंच स्वस्त पडतं, कागदावर सह्या होतात आणि विषय संपतो. विन-डिक्सीने मात्र लढायचं ठरवलं. जून २०१७मध्ये मायामीत न्यायाधीश रॉबर्ट स्कोला यांच्यासमोर ज्युरीविना सुनावणी झाली. वेबसाइटच्या सुगम्यतेवरून, म्हणजे ती अपंगांनाही वापरता येते की नाही यावरून, एडीएखाली पूर्ण सुनावणीला गेलेला हा पहिलाच खटला मानला जातो.

कंपनीचं म्हणणं थोडक्यात असं: आमची वेबसाइट ही 'जागा' नाही, तिच्यावर विक्री होत नाही, आणि आमच्या कुठल्याही दुकानात यायला या ग्राहकाला कुणी अडवलेलं नाही. कायद्याच्या दृष्टीने हा बचाव मुळीच कच्चा नव्हता. याच जिल्हा न्यायालयाने २००२मध्ये साउथवेस्ट एअरलाइन्सविरुद्धचा असाच दावा फेटाळला होता, कारण विमान कंपनीच्या वेबसाइटचा कुठल्याही प्रत्यक्ष जागेशी दुवा दाखवता आला नव्हता. उलट बाजूला डिसेंबर २०१६मध्ये न्याय विभागाने स्वतःहून या खटल्यात निवेदन दिलं होतं आणि ते वादीच्या बाजूचं होतं.

सुनावणीतला माझ्या मते सर्वांत बोलका भाग पैशांचा. कंपनीने वेबसाइट सुधारण्यासाठी अडीच लाख डॉलर बाजूला ठेवले होते. ते कशाकशावर खर्च होणार याची फोड तिच्या प्रतिनिधीला देता आली नाही. वादीच्या तज्ज्ञाने तेच काम ३७ हजार डॉलरमध्ये होईल असं सांगितलं. न्यायाधीशांनी यातला कुठला आकडा बरोबर, या वादात पडायचं नाकारलं. कारण कंपनीने २०१५मध्ये नवी वेबसाइट उभारायला सुमारे २० लाख डॉलर आणि २०१६मध्ये एका ग्राहक-सवलत योजनेसाठी ती पुन्हा बदलायला सुमारे ७० लाख डॉलर घातले होते. नव्वद लाखांपुढे अडीच लाखही किरकोळच. म्हणजे एका वर्षाच्या अंतराने वेबसाइटचं काम दोनदा निघालं, आणि दोन्ही वेळा अंध ग्राहक कुणाच्या यादीत नव्हता. सुगम्यता महाग पडते ती बहुधा अशीच: घर बांधून झाल्यावर भिंत फोडून खिडकी काढायची म्हटली की गवंडी दुप्पट मागतोच.

कंपनीने आणखी एक मुद्दा काढला होता, की वेबसाइटचे काही भाग आमचे नाहीतच, ते गुगलसारख्या बाहेरच्या पुरवठादारांचे आहेत. हा मुद्दा आजही प्रत्येक कंपनी काढते. नकाशा एकाचा, पैसे भरण्याचं पान दुसऱ्याचं, गप्पांची खिडकी तिसऱ्याची. न्यायाधीशांनी तो मानला नाही. आपल्या वेबसाइटवर दुसऱ्याचा तुकडा जोडायचा तर तो चालण्याजोगा आहे ना हे बघायची जबाबदारी जोडणाऱ्याची.

निकाल वादीच्या बाजूने लागला. पण तो कशाच्या आधारावर लागला हे नीट बघायला हवं. वेबसाइट ही स्वतःच सार्वजनिक जागा आहे का, या प्रश्नाला न्यायाधीशांनी हातच लावला नाही. ही वेबसाइट दुकानांशी इतकी गुंतलेली आहे की ती दुकानात शिरायचं दार बनली आहे, म्हणून तिच्यातला अडथळा हा दुकानाच्या सेवांमधला अडथळा, एवढंच ते म्हणाले. हुकूम असा: वेबसाइट डब्ल्यूसीएजी २.० या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार करायची, सुगम्यतेचं धोरण जाहीर करायचं, वेबसाइटचं काम बघणाऱ्यांना दरवर्षी प्रशिक्षण द्यायचं, दर तीन महिन्यांनी तपासणी करायची. हुकमाची मुदत तीन वर्षं. वादीच्या वकिलांची फी आणि खर्च लाख डॉलरच्या वर गेला, म्हणजे तज्ज्ञाने सांगितलेल्या दुरुस्तीखर्चाच्या जवळजवळ तिप्पट.

अपिलात डाव उलटला

कंपनी अकराव्या सर्किटच्या अपील न्यायालयात गेली. सर्किट म्हणजे काही राज्यांचा मिळून एक न्यायिक विभाग. फ्लोरिडा, जॉर्जिया आणि अलाबामा ही राज्यं त्याच्या हद्दीत येतात. ७ एप्रिल २०२१ रोजी दोन विरुद्ध एक असा निकाल लागला आणि खालचा निर्णय उलटला. बहुमताचा निकाल न्यायाधीश एलिझाबेथ ब्रांच यांचा.

त्याचे दोन भाग आहेत आणि ते वेगवेगळे जोखायला हवेत. पहिला भाग बारा गटांच्या यादीचा. यादीतली प्रत्येक गोष्ट ही विटा-सिमेंटची जागा आहे, वेबसाइट त्यात बसत नाही. बसवायची तर ते काम कायदेमंडळाने करावं. पटो न पटो, हे वाचन ओढूनताणून केलेलं नाही. उलट वाचनही तितकंच जुनं आहे. पहिल्या सर्किटने १९९४मध्येच म्हटलं होतं की यादीत प्रवास-सेवाही आहे, आणि लोक अशा सेवा फोनवरूनही घेतात. कार्यालयात पाऊल टाकणाऱ्याला संरक्षण आणि फोन करणाऱ्याला नाही, असा अर्थ लावणं विसंगत होईल. दोन सर्किटं, एकच यादी, दोन अर्थ. सर्वोच्च न्यायालयाने यावर आजवर निवाडा दिलेला नाही.

दुसरा भाग मला जास्त खटकतो. बहुमताने म्हटलं की वेबसाइट चालली नाही तरी दुकानात जाऊन औषधं मागता येत होती, कूपनं वापरता येत होती; मग दुकानाच्या सेवांपासून त्याला वंचित कुठे ठेवलं? याच न्यायालयाचा २००२चा एक निकाल आडवा येत होता. टीव्हीवरच्या एका प्रश्नमंजुषेत स्पर्धकांची निवड फोनच्या कळा दाबून होई. बहिऱ्यांना आणि हात नीट न चालणाऱ्यांना ते जमत नसे. तेव्हा न्यायालयाने न दिसणारा अडथळाही अडथळाच मानला होता. आता बहुमताने फरक असा काढला की तिथे फोन हा एकमेव मार्ग होता, इथे दुकान उघडं आहे.

पण ऑनलाइन रीफिल म्हणजे काय? काउंटरवर उभं राहावं लागू नये, चारचौघांत औषधाचं नाव घ्यावं लागू नये, पोचेपर्यंत पुडकं तयार असावं, हीच तर ती सेवा. गोळ्या दोन्हीकडे त्याच मिळतात. काउंटर टाळण्यासाठी दिलेली सेवा एकाला वापरता येत नाही, आणि त्याला उत्तर काय, तर काउंटर उघडा आहे! मतभेद नोंदवणाऱ्या न्यायाधीश जिल प्रायर यांनी नेमकं इथेच बोट ठेवलं. कायदा फक्त दार लावून घेण्याला मनाई करत नाही, कमी प्रतीची सेवा देण्यालाही करतो, आणि डोळस ग्राहकाला मिळणारी गुप्तता व वेळेची बचत अंध ग्राहकाला मिळत नसेल तर ती सेवा कमी प्रतीचीच.

वादीच्या बाजूची एक पंचाईतही इथे उघडी पडते, आणि तिला त्यांच्या वकिलांचा फारसा इलाज नव्हता. खाली जिंकायचं तर वेबसाइट दुकानाला घट्ट बांधलेली आहे हे दाखवावं लागत होतं. ते त्यांनी उत्तम दाखवलं. वर गेल्यावर तोच पुरावा उलटा फिरला: वेबसाइटवरचं सगळं शेवटी दुकानातच पुरं होतं ना, मग दुकान तर खुलंच आहे. ज्या कंपनीचं दुकानच नाही, सगळा व्यवहार ऑनलाइन, तिच्यापुढे हे उत्तर टिकणार नाही, पण तिथे वेबसाइट जिला बांधायची ती प्रत्यक्ष जागाच मुळात नाही. या चौकटीत अंध ग्राहक एका वाटेने गेला तर दुकान आडवं येतं, दुसऱ्या वाटेने गेला तर दुकान नसणं.

कॅलिफोर्नियात नेमका उलटा अनुभव येत होता. डॉमिनोजविरुद्धच्या खटल्यात नवव्या सर्किटने जानेवारी २०१९मध्ये म्हटलं, की कायदा त्या जागेच्या सेवांबद्दल बोलतो, केवळ जागेत बसून घेतलेल्या सेवांबद्दल नव्हे. त्यामुळे पिझ्झा मागवायची वेबसाइट आणि ॲप दोन्ही कायद्याच्या कक्षेत. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली, पण ७ ऑक्टोबर २०१९ रोजी न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला. त्या खटल्यातही फोनचा पर्याय होता म्हणे. वादी फोनवर पाऊण तासाहून जास्त वेळ ताटकळला होता.

आणि मग दोन्ही निकाल गेले

एप्रिल २०२१नंतर कंपन्यांच्या वकिलांनी सुटकेचा श्वास सोडला, तोही फार काळ टिकला नाही. स्कोला यांच्या हुकमाची मुदत तीन वर्षं होती, आणि अपील रेंगाळलं त्याहून जास्त. अपिलाचा निकाल यायच्या आधीच हुकूम आपोआप संपलेला होता. वादीच्या बाजूने हा मुद्दा लावून धरला आणि २८ डिसेंबर २०२१ रोजी त्याच पीठाने स्वतःचा एप्रिलचा निकाल मागे घेतला. इतकंच नव्हे, तर मूळ वाद उरलाच नाही म्हणून स्कोला यांचा निर्णयही रद्द करून प्रकरण निकाली काढायला सांगितलं. साडेपाच वर्षं, एक सुनावणी, दोन मोठे निकाल, आणि कायद्याच्या खात्यावर बाकी शून्य. मुदत तीनऐवजी पाच वर्षांची असती तर एप्रिलचा निकाल कदाचित तिन्ही राज्यांवर आजही बंधनकारक असता. जो हुकूम जिंकलेल्याला तोकडा वाटला असेल त्याच्या तोकडेपणानेच त्याची बाजू वाचवली.

हे सगळं टाळता आलं असतं का? बऱ्याच अंशी हो. न्याय विभागाने २०१०मध्ये वेबसाइटसाठी नियम करायची प्रक्रिया सुरू केली होती. सात वर्षं ती फाइल पडून राहिली आणि डिसेंबर २०१७मध्ये, म्हणजे विन-डिक्सीचा निकाल लागल्यावर सहाच महिन्यांनी, ती मागे घेतली गेली. मार्च २०२२मध्ये विभागाने मार्गदर्शन काढलं, त्यात वेबसाइटना कायदा लागू होतो हे पुन्हा सांगितलं, पण कुठला निकष पाळला म्हणजे कंपनी सुटली, हे काही बांधून दिलं नाही. २०२४मध्ये नियम आला तो राज्य आणि स्थानिक सरकारांच्या वेबसाइटसाठी. दुकानदार अजून वाऱ्यावरच आहेत, आणि अंध ग्राहकही.

नियमांच्या जागी आले ते दावे. सायफार्थ शॉ या वकिली संस्थेच्या मोजणीनुसार संघीय न्यायालयांत वेबसाइटच्या सुगम्यतेवरून २०१७मध्ये ८१४ दावे लागले, २०१८मध्ये २,२५८. यातले बरेच मोजक्या वकिलांचे, मोजक्या वादींच्या नावाने आणि साच्यातून काढल्यासारखे. त्यांची चीड येणं समजू शकतो. मात्र ज्या कायद्यात वादीला भरपाई नाही आणि अंमलबजावणीचा मोठा भार ग्राहकाने स्वतः दावा लावण्यावर टाकलेला आहे, तिथे दावेच होणार. घाबरलेल्या छोट्या दुकानदारांना मग कुणीतरी 'एक ओळ कोड टाका आणि निर्धास्त व्हा' असं सांगत येतं. असंच एक तयार साधन विकणाऱ्या ॲक्सेसीबी या कंपनीला अतिरंजित दाव्यांबद्दल संघीय व्यापार आयोगाने जानेवारी २०२५मध्ये १० लाख डॉलर भरायला लावले.

फ्लोरिडात आज असा दावा दाखल होतो तेव्हा त्याच्या मसुद्यावर या खटल्याची छाप दिसते. वेबसाइटमधल्या त्रुटींची यादी नंतर येते. आधी येतं ते दुकान: वादीच्या घरापासून ते किती जवळ आहे, पूर्वी तो तिथे कधी गेला होता, वेबसाइटवरून काय बघून पुन्हा जायचा त्याचा विचार होता. विरुद्ध बाजूचा वकील उत्तरात रद्द झालेला एप्रिल २०२१चा निकाल जोडतो. तो बंधनकारक नसल्याचं मान्य करतो आणि त्यातली कारणं मात्र न्यायाधीशांनी वाचावीत असं सुचवतो. वादीचा वकील प्रायर यांचा मतभेद जोडतो, तोही तितकाच रद्द झालेला. कुणाचं ऐकायचं हे त्या दिवशी समोर असलेल्या जिल्हा न्यायाधीशांवर.